बिनपाण्याचा बर्फ आणि बारा मिरे

३ मे १९५५, मंगळवार, आलापल्ली

आणि वरून म्हणतात, गॅस मीच खाल्ला! माणूस गॅस खाते का? खाल्ला असता तर आतापावेतो फुगून सागाच्या शेंड्यावर नसतो लटकलो? हे मी हाफिजभाईले तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "लटक बेशक, मगर साठ डझन का हिसाब नीचे रखके लटक."

महिना झाला, हेच भांडण चालू आहे. आमचा सोड्याचा कारखाना म्हणजे लाकूडडेपोसमोर टिनाचं एक शेड, हातानं गरगर फिरवायची मशीन, गोळीच्या बाटल्यांची खोकी आणि नागपूरहून येणारा गॅसचा लोखंडी बाटला, माझ्या छातीइतका उंच. हाफिजभाई मालक, मशीन फिरवणारा मी. एका बाटल्यात दोनशे डझन सोडा व्हायले पाहिजे म्हणतात. मागच्यात एकशेचाळीसच झाला. बाकी गॅस कुठी गेला? मले काय मालूम! वारा आहे तो. वाऱ्याले कोणी दावं बांधून ठेवते का?

साडेबावीस पगार, त्यातले साडेसात कापणार म्हणतात. पावसाच्या आत घरावर कवेलू फिरवायचे म्हणून मी महिन्याले पंधरा पाठवायचं कबूल केलं होतं. फेब्रुवारीत दहा पाठवले, मार्चात नऊ, एप्रिलात सहा. आता मोठा भाऊ गुणवंत पुन्हा तेच म्हणणार: इसरूच्या हातात काई टिकत नाई. शाळा चौथीत सुटली, खाणीतलं काम दोन महिने, रेल्वेतलं एकवीस दिवस.

खरं लिहायचं तर एक गोष्ट आहे. दुपारी टिन तापून जीव कासावीस झाला की मी बाटल्याचा पेच जरासा ढिला करतो आन मानेवर गार वारा घेतो. पण जरासाच. तेवढ्यानं काय होते? वाऱ्याले का वजन असते?

६ मे

आज जे झालं ते कोणाले सांगू नये असं आहे, म्हणून इथी लिहितो. ही वही जंगलखात्याच्या जुन्या लिलावयाद्यांची पाठकोरी पानं शिवून मीच केली आहे. कोणी वाचणार नाई.

रमजान चालू आहे. हाफिजभाई पहाटे अंधारातच उठून खातात, मंग दिवसभर पाण्याचा थेंब नाई. दिवसभर दुसऱ्याईले गार सोडा पाजतात आन स्वतः कोरडे! मी त्याईच्या जागी असतो तर मशीनमध्येच तोंड घातलं असतं. मी शेडातच झोपतो, तर त्याईच्या भांड्यांच्या आवाजानं जाग आली. बाटला रातभर ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवतो आम्ही, तो घसरून ओंडक्यावर आडवा झाला होता, तोंड खाली. मी म्हटलं, आता कोणी पाहून नाई राह्यलं, जरा मानेवर वारा घ्यावा. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर पिठाची जुनी पिशवी धरली आन पेच सोडला.

सुईईई! पिशवी फुगली, ताठ झाली, हात बधिर झाला. घाबरून बंद केलं. पिशवीत पाहतो तर पांढरं शुभ्र. दहीभाताच्या घासाएवढं. भुरभुरीत.

बर्फ! आलापल्लीत! मे महिन्यात!

चिमटीत घेतला तर बोटाले असा चटका बसला की तव्याले हात लागला असं वाटलं. फोड आला आहे. टमरेलात ठेवला. तोंड धुऊन आलो तर टमरेल रिकामं. बर्फ नाई ते नाई, पाणीही नाई! टमरेल कोरडं ठाक.

चोरला म्हणावं तर कोणी? बोटाचा फोड हाफिजभाईच्या बायकोनं, आबिदाभाभीनं पाह्यला. म्हणाली, "चुल्हे से जला?" मी म्हटलं, "बर्फानं." ती हाफिजभाईले म्हणाली, "धूप लग गई बच्चे को."

७ मे

काल दुपारी करून पाह्यलं. तोच बाटला, तीच पिशवी, तसाच आडवा केला. नुसतं फुस्स. गारवा आला, बर्फ नाई. आज पहाटे पुन्हा केलं, बर्फ झाला. पहाटे होते, दुपारी होत नाई. म्हणजे हा बर्फही माझ्यासारखाच, ऊन तापलं की कामाले नकार.

आता सुचलं ते लिहितो. न वितळता उडून जाणारी वस्तू मी पाह्यली आहे. कापूर! मायच्या डबीतला कापूर असाच कमी कमी व्हायचा, मंग ती त्यात मिरे टाकायची. मिरे असले की कापूर उडत नाई. हे सगळ्याईलेच मालूम आहे. भाभीच्या डब्यातून बारा मिरे घेतले आहेत. उद्या पहाटे पाहतो, कसा उडते ते.

८ मे

मिरे लागले हाफिजभाईच्या टोपीले. एक बकरीले लागला, ती अजून शेडात यायले तयार नाई.

केलं असं की बर्फ भरला टिनाच्या डब्यात, वरून बारा मिरे, आन झाकण ठोकून घट्ट बसवलं. मिरे आहेत, झाकण आहे, आता कुठी जाते? डबा ठेवला फळीवर. थोड्या वेळानं डब्याचं बूड फुगलं. मी म्हटलं, बरं आहे, आतच आहे म्हणजे. तेवढ्यात हाफिजभाई नमाज पढून आले आन धाडकन झाकण टिनाच्या छताले! मिरे साऱ्या शेडात! शेजारचा न्हावी हजामत अर्धी टाकून धावत आला, त्याच्या मागून अर्ध्या दाढीचा फारेस्ट गार्डही.

हाफिजभाईनं टोपी काढली, त्यावरचा मिरा उचलला, पाह्यला, आन शांतपणे विचारलं, "इसरू, ये क्या है?"

"मिरे," मी म्हटलं.

"वो तो मैं भी देख रहा हूँ."

मंग सगळं सांगावंच लागलं.

९ मे

बाटला काल ऊन तापायच्या आत डेपोच्या काट्यावर नेऊन तोलला. नवा येते तेव्हाचं वजन कागदावर लिहिलेलं असते, हाफिजभाईनं काढलं. मंग मले समोर बसवून बर्फ करायले लावला, आन पुन्हा तोलला. कमी! पुन्हा मानेवर वारा घ्यायले लावला, मोजून शंभर अंकापर्यंत. पुन्हा तोलला. पुन्हा कमी!

वाऱ्याले वजन असते. मी काट्याकडे पाहत राह्यलो. आपण रोज त्यात फिरतो, झोपतो, आन त्याले वजन असते हे कोणी सांगितलंच नाई.

"साठ डझन," हाफिजभाई म्हणाले. "तेरी गर्दन ने पिया."

साडेसात रुपये कापले ते कापलेच. बाटल्याले एकट्यानं हात लावायचा नाई. मी म्हटलं, ठीक आहे, महिना भरला की निघतो. बल्लारपूरले कागदाच्या कारखान्यात माणसं घेऊन राह्यले. ते म्हणाले, "जा. वहाँ कागज भी उड़ता है."

भाभीनं मिऱ्यांबद्दल काई म्हटलं नाई. पण आज जेवणात मिरे नव्हते.

१३ मे

गुणवंतभाऊचं पत्र आलं. अक्षर वच्छलावैनीच्या हातचं, शब्द त्याचे. सहा रुपये मिळाले, उरलेले वाटेतल्या जंगलात हरवले का वाघानं खाल्ले ते कळव, असं विचारते. कवेलूवाला वाट पाहून गेला. खाली वैनीनं आपल्या मनानं लिहिलं आहे: भाऊजी, जेवत जा.

उत्तर लिहिलं नाई. हाफिजभाईनं पत्राचं विचारू नये म्हणून मशीन जोरात फिरवली, तर गोळी अडकून एक बाटली फुटली. तिचे तीन आणे खिशातले गेले.

२० मे, शुक्रवार

पयलेपासून लिहितो, नाईतर उद्या माझाच विश्वास बसणार नाई.

सकाळी सुकलू आला. सुकलू म्हणजे आमचा गाडीवाला. नदीपावेतो मोटर येते, तिथून आमचे बाटले आणि खोकी तोच बैलगाडीनं आणते. त्याचं गाव चौदा मैल आत, बांडिया नदीच्या अंगाले, सगळी माडिया वस्ती. नवा भरलेला बाटला त्यानं कालच आणून टाकला, ईद आणि डेपोतल्या लाकडाचा लिलाव, या दोन्हीसाठी. तो आज पुन्हा आला, तोही पायी, तेव्हाच मले खटकलं.

"गाडी कुठी?" मी म्हटलं.

"कोंदा नाई आणले," म्हणाला. बैलाले ते कोंदा म्हणतात. "पलीकडच्या गावात बुळकांडी आली. रातीतून चार मेले. डोळे गळतात, पोट सुटते, आन जाते. आमच्यात अजून नाई. मी ढोरडाक्टरची वाट पाहून राह्यलो."

दुपारी ढोरडाक्टर आले. साठवणे आडनाव, वर्ध्याकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. खांद्याले मोठ्या तोंडाचा थर्मास लटकवला होता, आन तोंड असं उतरलं होतं की मी न विचारता सोडा फोडून दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

मोटर नदीच्या वाळूत फसली होती. काल सकाळपासून आजपावेतो तिथंच. थर्मासातला बर्फ वितळला, सुपारीएवढा तुकडा राह्यला.

"लस आहे यात," ते म्हणाले. "सुकवून काचेच्या कुप्यांत भरलेली. गार राहिली तर औषध. गरम झाली तर नुसती माती, टोचून उपयोग नाही. आता बर्फासाठी परत बल्लारशाहला गेलो तर दोन दिवस जायला, दोन यायला."

सुकलू मधल्या वेळात उभा राह्यला होता. त्यानं फक्त विचारलं, "चार दिस?"

बुळकांडी चार दिवस थांबत नाई, हे मलेही मालूम आहे.

आन माझ्या तोंडून निघालं, "बर्फ आहे इथी. पण बिनपाण्याचा."

मी बोटावरचा फोडाचा डाग दाखवला, पिशवीचं सांगितलं, पहाटेचं सांगितलं. मिऱ्यांचं सांगितलं नाई. साठवणेंनी सोड्याची बाटली खाली ठेवली आन एकदम माझे खांदे धरले. "अरे, हा कोरडा बर्फ! मी पुस्तकात वाचलाय. किती होईल?"

"पूर्ण बाटला लावला तर तीन-चार शेर."

पूर्ण बाटला. मंग आम्ही तिघंही हाफिजभाईकडे वळलो. ईद चार दिवसांवर, लिलाव सात दिवसांवर, वर्षातली मोठी विक्री तीच, आन हा एकच बाटला. दुसरा जूनमध्ये. हाफिजभाई उपाशी, तहानलेले, ओठ कोरडे. ते सुकलूकडे पाहत म्हणाले, "तेरे कितने?"

"दोन."

"गाँव के?"

"दीडशाच्या आतबाहेर."

हाफिजभाईनं दाढी ओढली. मंग म्हणाले, "रोजे में झूठ नहीं बोलता. गुस्सा आ रहा है मुझे, बहुत आ रहा है. ले जाओ." आन माझ्याकडे बोट करून, "मगर खोलेगा ये. गर्दन से दूर."

२१ मे, सकाळी, निघायच्या आधी

बाटला रातभर विहिरीच्या काठी ओल्या पोत्यांत ठेवला, तासातासानं पाणी मारलं. साठवणे मधेच उठून हात लावून पाहायचे, जसं लेकराचा ताप पाहावा.

रातच्याले जेवताना त्यांनी मले सगळं समजावलं. हा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बाटल्यात दाबून भरला की तो पाण्यासारखा पातळ होते. एकदम सुटला की पसरता पसरता स्वतःच इतका गार पडते की त्यातला काई गोठते. आन तो वितळत नाई, घनाची सरळ हवा होते, मधलं पाणी गाळून. म्हणून टमरेल कोरडं!

"मंग दुपारी काऊन होत नाई?"

"एका ठराविक गरमीच्या वर त्याचं पाणी राहतच नाही, कितीही दाबा. एकतीस अंश. तुमच्या शेडात दुपारी पंचेचाळीस असतात."

बर्फाची गारठ सांगितली, शून्याखाली अठ्ठ्याहत्तर. आकडा मले कळला नाई. बोटाले कळला.

मंग म्हणाले, हाच गॅस आपण श्वासातून सोडतो. मी म्हटलं, काहीतरीच. त्यांनी हाफिजभाईच्या पानाच्या डब्यातला चुना मागितला, पाण्यात कालवला, वरची निवळी दोन बाटल्यांत घेतली. एकीत बाटल्याचा गॅस सोडला, निवळी दुधासारखी पांढरी. दुसरीत मले बोरूच्या नळीनं फुंकायले लावलं. फुंकलं, फुंकलं, आन तीही पांढरी! माझ्या पोटातला आन नागपूरहून भाडं भरून आणलेला गॅस एकच! हाफिजभाई इतक्या दिवसांत पयल्यांदा हसले. म्हणाले, "सुन, कल से बाटला बंद. तू ही फूँक बोतलों में."

सुकलू म्हणाला, मोहा आंबत घातलेल्या मडक्यात जळती काडी धरली की विझते, ते हेच का? साठवणे म्हणाले, हेच. सुकलूनं मान हलवली, जसं त्याले हे पयलेपासूनच मालूम होतं, नाव तेवढं नवं.

पहाटे बाटला ओंडक्यावर आडवा केला, तोंड खाली. दुहेरी पिशवी, हाताले पोतं. सुईईई! पिशवी झटकायची, पुन्हा लावायची. झाला, आन भुरभुरीत पांढरा ढीग झाला! हाफिजभाई कंदील धरून उभे होते, पोटात सहरीची पोळी आन डोळ्यांत पाणी, धुक्याचं असेल.

साठवणेंनी कुप्या कापसात गुंडाळून डबीत घातल्या, डबी थर्मासात, भवताल बर्फ. आन बूच घेऊन तळहातानं दाबून घट्ट बसवायले लागले.

मी ओरडलोच. "डाक्टरसाब, बूच घट्ट नका लावू!"

"का? गारठा निघून जाईल."

"गारठा नाई जाणार, थर्मास जाईल! गोळीची बाटली पाह्यली ना? आतला गॅस गोळीले वर रेटून धरते, म्हणून ती बंद राहते. हा बर्फ म्हणजे झोपलेला गॅसच. जसजसा उठेल तसतसा दार ढकलेल. काचेचं आहे ते!"

साठवणे बूच हातात घेऊन थांबले. "तुला कसं कळलं?"

आता मिऱ्यांचं सांगावंच लागलं. ते इतके हसले की हाफिजभाईनं कंदील खाली ठेवला. मंग त्यांनी बूच माझ्या हातात दिलं. मी चाकूनं बाजूनं खाच पाडली, हवेपुरती. थर्मास सोड्याच्या खोक्यात, भवताल सागाचा भुसा गच्च. उरलेला बर्फ पिशवीसकट त्याच भुशात.

निघताना आबिदाभाभी आली आन कागदाची पुडी पुढे केली. बारा मिरे. "उड़ गया तो?"

साठवणे म्हणाले, "भाभी, मिऱ्यानं काही होत नाही."

"होता नहीं तो डालने में क्या जाता है?"

टाकले.

२३ मे, सोमवार, सुकलूच्या गावी

परवा जाताना एक गंमत झाली. गाडी दुसऱ्याची, बैल रोग नसलेल्या गावातले. उन्हासाठी खोक्यावर ताडपत्री, तिच्याखाली तळाले सुकलूची कोंबडीची टोपली. दोन मैल गेलो तर कोंबडी मान टाकून बसलेली, डोळे मिटलेले. सुकलू म्हणाला, "हिले का नजर लागली?" मले काटा आठवला. गॅसले वजन आहे, तो खालीच बसणार! ताडपत्री उडवली, टोपली वर बांधली. अर्ध्या मैलात कोंबडी उठून मलेच टोचायले लागली. खोकं तेव्हापासून गाडीच्या मागच्या टोकाले, उघड्या वाऱ्यावर.

गावात काल पहाटेपासून टोचणी. लोक पयले ढोरं घेऊन येईनात. सुई पाह्यलेली नाई, आन डब्यातून धूर निघते, हे काय औषध? सुकलूनं आपले दोन बैल पुढे आणले. एक भुरा, एक कपाळावर पांढरा. शिंगं धरून उभा राह्यला, पण स्वतः दुसरीकडे पाहत होता. साठवणेंनी कुपी फोडली, मिठाच्या पाण्यात कालवली, टोचली. भुऱ्यानं पाय आपटला, बस.

"झालं?" सुकलूनं विचारलं.

"झालं. आठवडाभर जुंपायचे नाहीत, ताप येईल."

मंग त्याची बायको सोनीबाई गाईले ओढत आली, आन तिच्यामागून सारं गाव. काल अठ्ठ्याऐंशी झाले. माझं काम एकच: थर्मास उघडायचा, एक कुपी काढायची, बंद करायचा, आन पोरंटोरं बोट घालू नये म्हणून डोळे वटारायचे. काल संध्याकाळी पिशवीतला बर्फ संपत आला, तो सगळा थर्मासात घातला. रात्रभर मी खाच नाकाशी धरून धूर येते का पाहत होतो. साठवणे म्हणाले, "झोप, इसरू, तुझ्या नाकानं तो लवकर संपेल."

आज सकाळी सात वाजता शेवटची कुपी. मी हात घातला, डबी गार होती, बोट चिकटेल एवढी. कुपी दिली. मंग थर्मास उलटा केला.

तळहातावर मिरे पडले. नुसते मिरे. कोरडे.

साठवणेंनी एकशेएकतिसावी गाय टोचली, मागे वळले, मिरे मोजले. बारा. "एकही उडाला नाही," म्हणाले आन मटकन बसून हसायले लागले. मीही. सुकलूले काई कळलं नाई, तरी तोही हसला.

आता साठवणे पलीकडच्या गावाले आजारी ढोरं वेगळी बांधायले जातात, तिथली लस मागून येणार; मी बांबूच्या ट्रकनं परत. दोन ढोरं टोचायच्या आधीच आजारी पडली होती, ती मेली. बाकी आता दहा-बारा दिवस पाहायचं.

२४ मे, ईद

काल परतताना ट्रकच्या टपावरून चांद दिसला. आज आबिदाभाभीनं तीन वाट्या शीरखुर्मा घातला. मी बारा मिरे परत दिले. तिनं मोजून डब्यात टाकले आन म्हणाली, "देखा?"

मी देखा म्हटलं.

२७ मे

लिलाव झाला. उरल्यासुरल्या गॅसात तीस डझन सोडा भरला, तो दहा वाजेपावेतो संपला. ठेकेदार नागपूरहून, वरंगलकडून आलेले, घामाघूम, बाटल्या मागून राह्यले. भाभीनं लिंबाचं सरबत केलं. एक जाड ठेकेदार ओरडला, "अरे हाफिज, तेरा सोडा कहाँ गया?"

"बैल पी गए, साहब," हाफिजभाई म्हणाले.

ठेकेदारले वाटलं, थट्टा.

४ जून, शनिवार

सकाळी घंटा ऐकू आली, ओळखीची. दारात येऊन पाह्यलं तर सुकलूची गाडी, आन तिले भुरा आन कपाळावर पांढरा, दोघंही! गाडीत नवा बाटला.

"गाव?" हाफिजभाईनं विचारलं.

"टोचलेलं एकही नाई गेलं," सुकलू म्हणाला. "पलीकडच्या गावात टोचायच्या आधी नऊ गेले. आमचे दोन दिस तापले, मंग चारा मागायले लागले. डाक्टर काल येऊन पाहून गेले, म्हणाले, आता भेव नाई."

भुऱ्यानं माझा हात चाटला. त्याच्या नाकातून वाफ येत होती. मले चुन्याची निवळी आठवली आन हसू आलं. हाही तोच गॅस सोडते, फुकट.

बाटला काट्यावर नेला. हाफिजभाई म्हणाले, "तू तौल, मैं लिखता हूँ." आजपावेतो त्याईनं काटा कोणाच्या हाती दिला नव्हता. मी तोललं, सांगितलं, त्याईनं लिहिलं. परत येताना खिशातून साडेसात रुपये काढून माझ्या मुठीत दाबले.

"पर वो तो मेरी गर्दन ने..." मी म्हटलं.

"फीस समझ. मदरसे में भी लगती है. अब मशीन घुमा, गाहक खड़े हैं."

दुपारी टपालात गेलो. मास्तर म्हणाले, "इसरू? तू तर बल्लारपूरले चालला होता ना?"

"नवा बाटला आला," म्हटलं. "आता कसा जाऊ?"

इथी मले खर्च तरी काय? जेवण भाभीकडे, झोप शेडात, वारा आता घेत नाई. मनीआर्डरच्या फारमावर निरोपाले दोन ओळी जागा असते. लिहिलं: भाऊ, वाघानं खाल्ले नाई. कवेलू फिरवा. वैनी, जेवतो. आन वर, रकमेच्या जागी, आधी अंकात मंग अक्षरात, मास्तरनं दोनदा विचारलं तरी तेच: रुपये बावीस, आणे आठ.